चौदा दिवस द्या: नागपूरच्या शांतता समित्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील सर्व पोलीस ठाण्यांच्या शांतता समित्यांचे सदस्य

नमस्कार, सलाम, जय भीम, सत श्री अकाल.

पोळा जवळ आला की तुम्हाला ठाण्यातून बैठकीचे निरोप येऊ लागतात. मारबत, मग गणपती, नवरात्र, दीक्षाभूमीवरचा सोहळा, आणि ज्या वर्षी ईद-ए-मिलाद याच दिवसांत येते त्या वर्षी जुलूसही. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, डीजे किती वाजता बंद होणार, मशिदीसमोरून जाताना काय करायचं, यावर तुम्ही तासन् तास बसता. या कामाची बातमी होत नाही, कारण ते नीट झालं की शहरात काही घडतच नाही. मी महालात राहते. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली, महाल आणि हंसापुरीत दगडफेक-जाळपोळ झाली, अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि एका माणसाचा जीव गेला. त्यामुळे ‘भावना दुखावल्या’ हे शब्द आमच्या वस्तीत आता कोणी हलक्याने घेत नाही. मीही घेत नाही.

म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, वर्तमानपत्राच्या संपादकांना किंवा मंत्र्यांना नाही. देव, संत, प्रेषित, महापुरुष यांच्या चित्रावरून, देखाव्यावरून, नाटकातल्या एखाद्या प्रवेशावरून तक्रार आली तर काय करायचं, हा विषय तुमच्या बैठकीत कधी ठरवून येत नाही. तो येतो तेव्हा ठाण्यासमोर शंभर माणसं जमलेली असतात आणि रात्रीचे अकरा वाजलेले असतात. त्या वेळी कोणालाच नीट विचार करता येत नाही, ठाणेदारालाही नाही. म्हणून अशा तक्रारीवर गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीला चौदा दिवस द्या, हे मला मागायचं आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. माझे कितीतरी विद्यार्थी आज याच कामावर पोट भरतात. कोणी चितार ओळीत मूर्ती रंगवतो, कोणी मंडळांचे देखावे करतो, कोणी नाटकाचे पडदे, तर कोणी कॉम्प्युटरवर फ्लेक्स बनवतो. ते भेटायला येतात तेव्हा पूर्वी रंगांबद्दल, प्रमाणाबद्दल विचारायचे. आता विचारतात, ‘‘मॅडम, हे चालेल ना? कोणी काही म्हणणार तर नाही?’’ नास्तिक किंवा बंडखोर म्हणावीत अशी ही पोरं नाहीत. मूर्तीचे डोळे उघडण्याच्या दिवशी उपास करणारी ही मुलं आहेत.

त्यातल्या एकाने मध्यंतरी विठ्ठलाचं चित्र काढलं. कळमन्याच्या बाजारातला विठ्ठल. डोक्याला मुंडासं, पाठीवर पोतं, एक हात पोत्याला लागलेला म्हणून दुसराच तेवढा कटेवर. पायाखाली वीट तीच. मागे संत्र्यांचे ढीग आणि सावलीत बसलेले दोन हमाल. त्यांच्यातल्या एकाजवळ बिडीचं बंडल पडलेलं. एका छोट्या प्रदर्शनात ते लावलं होतं. कोणीतरी मोबाईलवर फक्त खालचा भाग कापून घेतला, म्हणजे वीट, पाय आणि बंडल, आणि ‘विठ्ठलाला बिडी ओढताना दाखवलं’ असं लिहून पुढे पाठवलं. प्रदर्शन बघायला त्या दिवशी फारसं कोणी आलं नाही, पण संध्याकाळपर्यंत सभागृहाच्या मालकाला इतके फोन आले की त्याने चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तो वाईट माणूस नाही. त्याला दुसऱ्या दिवशी लग्नाचं बुकिंग होतं. मला म्हणाला, ‘‘ताई, मी काहून लफड्यात पडू?’’

तक्रार झाली नाही, मोर्चा निघाला नाही, पोलीस आले नाहीत. तरी चित्र गेलं. तो मुलगा आता हॉटेलांसाठी फुटाळा तलावावरचा सूर्यास्त काढतो. चांगला काढतो. पण त्याच्या हातात जे होतं ते सूर्यास्तात मावत नाही, हे मी त्याची शिक्षिका म्हणून सांगू शकते.

त्या चित्रात नवीन काय होतं? दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्या धान्याची रक्कम भरायला विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला, ही कथा कीर्तनात आपण पिढ्यान् पिढ्या ऐकली. एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरत राहिला. जनाबाईबरोबर तो दळायला बसला. हमाल विठ्ठल याच घरातला आहे. आणि जनाबाई तर अंगणात उभी राहून विठ्ठलाला शिव्या देते. ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ इथून तिचा अभंग सुरू होतो आणि पुढच्या ओळी मी शाळेत मुलांना वाचून दाखवल्या असत्या का, याची मला खात्री नाही. आज कोणी तो अभंग नावाशिवाय मोबाईलवर टाकला, तर किती जण त्याला अभंग म्हणून ओळखतील आणि किती जण ठाण्यात जातील, याची मला खरोखर काळजी वाटते.

यावर ओळखीचे एक वारकरी काका मला एक उत्तर देतात आणि ते उत्तर पोकळ नाही. ते म्हणतात, जनाबाईला तो हक्क तिच्या भक्तीने मिळाला. आईला लेकरू वाटेल ते बोलतं, शेजाऱ्याने ते बोलू नये. मला हे पटतं. प्रेमाने केलेली सलगी आणि बाहेरून मारलेला खडा यात फरक आहेच. पण हा फरक ओळखायचा कसा, इथे माझी अडचण सुरू होते. चित्राच्या कोपऱ्यातलं नाव वाचून तो ओळखता येत नाही. मकबूल फिदा हुसेन जन्मले पंढरपुरात, १९१५ साली. त्यांनी सरस्वतीचं एक रेखाचित्र काढलं. ते काढलं तेव्हा कोणी बोललं नाही, १९९६ मध्ये एका हिंदी मासिकाने ते छापल्यावर आग लागली. पुढे ठिकठिकाणी खटले, अहमदाबादच्या कलादालनावर हल्ला, आणि शेवटी ते देश सोडून गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी त्यांच्यावरचे काही खटले रद्दही केले. तरी ते परत आले नाहीत. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनला वारले. ते रेखाचित्र मला स्वतःला भावत नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते. पण न आवडणं आणि गुन्हा असणं यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. पंढरपुरात जन्मलेला नव्वदीचा म्हातारा परक्या देशात मेला, ही त्या अंतरावर कोणी थांबलं नाही याची किंमत.

चित्रकलेची शिक्षिका म्हणून मला एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे, आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. भंडारा जिल्ह्यात पवनीला नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने १९६९-७० मध्ये प्राचीन स्तूप उकरून काढला. त्या काळच्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात दिसत नाहीत. रिकामं आसन असतं, बोधिवृक्ष असतो, चक्र असतं, पावलं असतात. सांची-भरहुतलाही तेच. त्या काळच्या उपासकांना बुद्धांचा देह दगडात कोरणं सुचलं नसेल किंवा योग्य वाटलं नसेल. नंतरच्या पिढ्यांनी मूर्ती घडवली आणि आज बुद्धमूर्तीशिवाय आपल्याला विहाराची कल्पना करता येत नाही. रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातला नरसिंह बघा. हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही, एक गुडघा उंचावून, हाताशी चक्र घेऊन तो एकटाच निवांत बसलेला आहे. पोस्टरवर उग्र नरसिंह पाहिलेल्या मुलांना मी तिथे सहलीला नेलं की ती विचारायची, ‘‘मॅडम, हा खरंच नरसिंह आहे?’’ मनसरला सापडलेला शिव आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: बुटका, पोट सुटलेला, जटांत चंद्रकोर, प्रसन्न. हा शिव आज एखाद्या तरुण मूर्तिकाराने महाशिवरात्रीला मंडळासाठी घडवला तर मंडळ तो घेईल का? मला वाटतं, परत पाठवेल, आणि वर म्हणेल की देवाची चेष्टा केली.

आपल्या देवघरातली नऊवारी नेसलेली लक्ष्मी-सरस्वती तरी किती जुनी? राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या शिळाछापांतून ती घराघरांत आली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही भिंतीवर देव आला, तो याच कागदावरून. १९१७ साली दादासाहेब फाळक्यांच्या पडद्यावर राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या आणि लोकांनी भक्तिभावाने त्या पाहिल्या. आज ज्याला आपण ‘खरं रूप’ म्हणून डोळे मिटून हात जोडतो, ते कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा काढलेलं आहे. त्या दिवशी त्याला कोणी थांबवलं असतं तर आपल्याकडे हात जोडायला ते रूप नसतं.

आता मुस्लीम सदस्यांशी थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तुमच्याकडे प्रश्नच निराळा आहे. तुमच्या श्रद्धेत प्रेषितांचं चित्र न काढणं हाच आदर आहे. मी ते कधी काढलं नाही, काढणार नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत आले की ज्याच्या दारात राहतो त्याला टोचण्यासाठी कुंचला उचलायचा नाही. पॅरिसमध्ये ७ जानेवारी २०१५ ला ‘शार्ली एब्दो’ या साप्ताहिकातल्या व्यंगचित्रांवरून बारा माणसं मारली गेली, त्याचं समर्थन मी तुमच्यापैकी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, हेही इथे नोंदवते. पण त्याच महिन्यात आपल्याच मुंबईत काय झालं ते आठवा. एका उर्दू दैनिकाच्या संपादक, स्वतः मुसलमान, त्यांनी त्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. माफी मागितली. तरी त्यांच्यावर एकाहून अधिक गुन्हे दाखल झाले, अटक झाली, नोकरी गेली. त्यांचा उद्देश प्रेषितांचा अपमान करण्याचा होता, असं त्यांना ओळखणारा कोणी म्हणेल का?

चौदाव्या शतकात इराणमध्ये वजीर रशीदुद्दीनने लिहवून घेतलेल्या जगाच्या इतिहासात प्रेषितांची चित्रं आहेत. ती मुसलमान चित्रकारांनी, मुसलमान राज्यकर्त्यांसाठी, आदराने काढली. पुढे तुर्कस्तानात चेहऱ्यावर बुरखा दाखवायची रीत आली. म्हणजे न काढण्याची परंपरा मोठी आहे, पण ती एकटी नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका शिक्षिकेने कलेच्या इतिहासाच्या तासाला असंच एक जुनं चित्र दाखवलं. आधी सूचना दिली होती, ज्यांना बघायचं नाही त्यांनी बघू नये असं सांगितलं होतं. तरी तिला पुढच्या सत्रात शिकवायला घेतलं नाही. तेव्हा अमेरिकेतल्याच एका मोठ्या मुस्लीम संघटनेने जाहीरपणे तिची बाजू घेतली. मला त्या संघटनेबद्दल फार आदर वाटला. स्वतःचं मन दुखत असताना समोरच्याचा हेतू तपासून बघणं सोपं नसतं.

जय भीम म्हणणाऱ्या माझ्या भावाबहिणींना मी काय सांगणार! १४ ऑक्टोबर १९५६ या शहरात काय घडलं, ते तुम्ही रक्तात घेऊन जगता. बाबासाहेबांचं चित्र तुमच्या घरात का आहे हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून दोन आठवणी एकत्र ठेवते. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात राम आणि कृष्णावर त्यांनी जे लिहिलं त्यावरून गदारोळ झाला, तो भाग काढा अशी मागणी झाली. तुम्ही रस्त्यावर उतरलात, मुंबईत विराट मोर्चा निघाला. शेवटी तोडगा निघाला तो असा: मजकूर राहील, आणि शासन या मतांशी सहमत आहे असं नाही अशी टीप लागेल. पुस्तक राहिलं. दुसरी आठवण २०१२ ची. अकरावीच्या पाठ्यपुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं एक चित्र होतं. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब चाबूक घेऊन बसलेले आणि मागे नेहरू, तेही चाबूक उगारून. संसदेत गोंधळ झाला, चित्र काढून टाकायचं ठरलं, पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

चाबूक बघून तुमच्या पोटात का ढवळलं ते मला कळतं. ज्यांच्या आज्यापणज्यांच्या पाठीवर तो खरोखर बसला त्यांना कागदावरचा चाबूकही नुसता कागदावरचा वाटत नाही. चित्र वाचायला शिकवणारी म्हणून मी म्हणेन की दोघांचेही चाबूक गोगलगायीसाठी आहेत, काम लवकर व्हावं म्हणून आहेत. तुम्ही माझ्याशी असहमत होऊ शकता. त्यावर वर्गात मुलांनी वाद घालावा असंच ते चित्र होतं. पण १९८७ मध्ये जो तोडगा आपण न्याय्य मानला, मजकूर ठेवा आणि टीप लावा, तो २०१२ मध्ये का चालला नाही? हा प्रश्न मी तुम्हाला विचारते तसाच वारकरी काकांना, मौलाना साहेबांना आणि मंडळाच्या अध्यक्षांनाही विचारते. आपल्या माणसाच्या लेखणीसाठी जे मागायचं, तेच दुसऱ्याच्या कुंचल्याला द्यायचं का नाही?

आता कायदा. तुमच्यात वकील आहेत, त्यांना हे ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. श्रद्धेचा अपमान हा गुन्हा आहे, पूर्वीचं कलम २९५-अ, आता भारतीय न्याय संहितेतलं २९९. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. हे कलम १९२७ मध्ये आलं. लाहोरमध्ये प्रेषितांवर एक बदनामीकारक पुस्तिका निघाली होती, तेव्हाच्या कलमात ते बसत नाही म्हणून उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडलं आणि त्यावर सरकारने नवं कलम केलं. त्या वेळच्या चर्चेत खुद्द जिनांनी बजावलं होतं की धर्माचा प्रामाणिक अभ्यास आणि टीका करणाऱ्यांना यातून संरक्षण मिळालं पाहिजे. प्रकाशकाचा मात्र १९२९ मध्ये खून झालाच. कलमाने त्याला वाचवलं नाही, आणि ज्या तरुणाने खून केला त्याला फाशीपासूनही नाही.

त्या कलमात दोन शब्द मुद्दाम घातलेले आहेत: जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं ते याच शब्दांच्या आधारे. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावरून त्याच्यावर खटला झाला होता, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना पुन्हा तेच सांगितलं: नकळत, निष्काळजीपणे, वाईट हेतूशिवाय झालेला अपमान या कलमात येत नाही. म्हणजे माझं मन दुखलं, एवढ्याने गुन्हा होत नाही. दुखवण्यासाठीच केलं, हे दिसावं लागतं. आणि ते अर्ध्या कापलेल्या फोटोत कधीच दिसत नाही.

माझी मागणी इथे येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये एक तरतूद आहे. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, आपल्याकडे म्हणजे सहायक पोलीस आयुक्तांची, ठाणेदार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करू शकतो. मुदत चौदा दिवस. २८ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरून गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द केला आणि सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा प्रकरणांत ही चौकशी करणंच योग्य. शब्दांचा परिणाम तोलायचा तो विचारी, खंबीर आणि धीराच्या माणसाच्या नजरेने. ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या नजरेने नव्हे.

हे चौदा दिवस मी तुमच्याकडे मागते आहे. ठाण्यासमोर ‘आत्ताच्या आत्ता गुन्हा नोंदवा’ अशी घोषणा सुरू झाली की ठाणेदारावर दडपण येतं आणि कलम १७३(३) फाईलमध्येच राहतं. ते दडपण कमी करू शकणारी माणसं शहरात थोडीच आहेत, ती म्हणजे तुम्ही. तुम्ही पुढे होऊन म्हणालात की साहेब, आधी चौकशी करा, आम्हीही येतो, तर गर्दीतले निम्मे लोक घरी जातील. मग त्या दिवसांत ते चित्र जिथे आहे तिथे जाऊन बघा, पूर्ण बघा. नाटक असेल तर शेवटपर्यंत बसा. ज्याने केलं त्याला बोलवा, त्याच्या आईवडिलांना सोबत येऊ द्या, आणि विचारा की बाबा, हे का केलंस. बहुतेक वेळा तिथेच प्रश्न सुटेल असं मला वाटतं. कधी तो स्वतःच एखादी रेघ बदलेल, कधी तुम्हाला त्याचं म्हणणं पटेल. कधी दोन्ही होणार नाही. तेव्हा टीप लावा, चित्र आतल्या खोलीत ठेवा, दारावर सूचना लिहा. उतरवणं हा शेवटचा मार्ग असू द्या, पहिला नको.

आणि सभागृहांच्या मालकांना जाणारे ते फोन थांबवा. माझा सर्वांत मोठा राग त्यांच्यावर आहे. सरकारला एखादं पुस्तक जप्त करायचं असेल तर लेखी अधिसूचना काढावी लागते, कारणं द्यावी लागतात, आणि त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं, तिथे तीन न्यायमूर्ती बसून ते ऐकतात. एवढी व्यवस्था कायद्याने छापील पानासाठी केली आहे. पण ‘‘काढून टाका ना भाऊ, कटकट नको’’ या फोनविरुद्ध कोणत्या कोर्टात जायचं? त्यावर सही नसते, तारीख नसते, कारण नसतं. तोंडी सांगण्याने उतरलेलं चित्र परत कधीच लागत नाही. कोणाला आक्षेप असेल तर त्याने तो लिहून द्यावा, स्वतःच्या नावाने, पूर्ण कृती बघून. ठाण्यालाही काही सांगायचं असेल तर ते कागदावर यावं.

सगळ्याच गोष्टींना चौदा दिवस द्या, असं मी म्हणत नाही. मिरवणुकीच्या आदल्या रात्री दुसऱ्या धर्माच्या देवाचं किंवा पीराचं घाणेरडं चित्र कॉम्प्युटरवर बनवून, खोट्या नावाने गटागटांत सोडणारा माणूस चित्रकार नाही. त्याला दुखवायचंच आहे आणि त्या दुखण्यातून दगड उचलले जावेत हीच त्याची इच्छा आहे. मारा, जाळा, हाकला असं लिहिणारा तर त्याहून उघड. त्यांच्यावर त्याच रात्री कारवाई करा. मी तुमच्यासोबत ठाण्यात येईन. पण हमाल विठ्ठलाला आणि त्या घाणेरड्या चित्राला एकाच तराजूत घातलं, की खरा गुन्हेगार सुटतो. पोलिसांचा वेळ चित्र काढणाऱ्या पोराच्या मागे जातो आणि अफवा सोडणारा दुसऱ्या नंबरवरून पुढची अफवा सोडतो. मार्च २०२५ नंतर महालात राहणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

हे शहर हसणं जाणतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यासोबत बडगे, म्हणजे खिल्ली उडवणारे पुतळे, निघतात, त्यात पुढाऱ्यांपासून महागाईपर्यंत कोणाची गय केली जात नाही आणि ज्यांची खिल्ली उडते तेही गर्दीत उभे असतात. त्याच मारबतीची आधी पूजा होते, बाया तिच्यापुढे हात जोडतात. देवाची आणि पुढाऱ्याची तुलना मी करत नाही. एवढंच म्हणते, की पूजा आणि मोकळेपणा एकाच रस्त्यावरून चालताना आपण एकोणिसाव्या शतकापासून बघत आलो आहोत.

पोळ्याआधीच्या तुमच्या बैठकीत या विषयासाठी मला थोडा वेळ द्यावा. मी एकटी येणार नाही; चितार ओळीतले दोन मूर्तिकार, नाटक करणारी काही मुलं आणि तो हमाल विठ्ठलाचा चित्रकार त्याच्या चित्रासह येईल. तुमच्यापैकी ज्यांना ते चित्र आक्षेपार्ह वाटेल त्यांनी त्याला समोर बसून सांगावं, त्याची ऐकायची तयारी आहे. बैठकीत काय ठरेल ते ठरो, पण तक्रार आल्यास आधी प्राथमिक चौकशी आणि लेखी आक्षेप, हा मुद्दा इतिवृत्तात नोंदवून त्याची एक प्रत सहायक पोलीस आयुक्तांकडे आणि एक शहरातल्या सभागृहांच्या मालकांकडे पाठवावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
महाल, नागपूर